ब्रेक होज बदलल्यावर हवा काढावीच लागते
जुन्या गाडीचे झिजलेले ब्रेक होज (चाकाच्या ब्रेकपर्यंत ऑइल नेणाऱ्या लवचीक नळ्या) घरी बदलल्यानंतर टाकीत ब्रेक ऑइल भरले की काम संपते, असा संदेश सध्या फिरत आहे. तो चुकीचा असून जिवावर बेतू शकतो. होज सोडताच नळीत हवा शिरते, आणि ऑइल सहसा दाबले जात नसले तरी हवा सहज दाबली जाते, त्यामुळे पेडल स्पंजासारखे खाली जाते आणि चाकापर्यंत पुरेसा दाब पोहोचत नाही. म्हणून ब्लीडर निपलला, म्हणजे चाकाच्या ब्रेकवरील हवा काढण्याच्या छोट्या तोटीला, पारदर्शक नळी लावून, तिचे टोक ऑइलमध्ये बुडवून, एकही बुडबुडा दिसेनासा होईपर्यंत हवा काढावी. या काळात टाकी रिकामी पडली, तर सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. बॅन्जो बोल्टचे (होज ब्रेकला जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) वॉशर मात्र नवेच घालावेत, कारण एकदा दबलेले वॉशर झिरपू शकतात.