अप्पांची सायकल आणि सकाळी सातचा अशोक चौक

मागच्या दिवाळीत दादाने अप्पांच्या सायकलीला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. अप्पा त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या घरून लक्ष्मी मंडईपर्यंत ते रोज सकाळी सायकलवर जायचे, भाजी घ्यायचे, वाटेत चहा प्यायचे, घरी यायचे. दिवाळीच्या आठवडाभर आधी मागून आलेल्या एका टेम्पोचा आरसा त्यांच्या कोपराला लागला. पडले नाहीत, पण सदरा फाटला आणि कोपर सोललं. दादाने त्याच रात्री कुलूप आणलं. दोन दिवस अप्पा ताटावर कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला फोन आला. "तू सांग त्याला. तुमच्याकडं म्हातारी माणसं चालवत्यात ना सायकल?"

चालवतात. मी नेदरलँड्समध्ये युट्रेक्टला राहते, अकरा वर्षं झाली. आमच्या गल्लीतल्या एक आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत आणि बाजारहाट सायकलवरच करतात. तरी मी दादाला लगेच काही बोलले नाही. अप्पांना काही झालं तर रात्री दवाखान्यात धावणार तो. मी इथून फक्त फोन करणार. हे भान सुटलं की परदेशातल्या माणसाचा सल्ला घरच्यांना टोचायला लागतो.

सल्ला मागणारे मात्र खूप आहेत. आमच्या शाळेच्या ग्रुपवर सोलापूरच्या वाहतुकीवरून वाद झाला नाही असा आठवडा जात नाही. आधी कित्येक वर्षं विमानाचा विषय होता. २०२३ च्या जूनमध्ये विमानाच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं आणि तो वाद जरा निवला. दोन उड्डाणपुलांचा चालू आहे. शहरातून जाणाऱ्या जड वाहतुकीचा तर बारमाही. त्यात कुणी सायकलचा विषय काढला की डच पंतप्रधान असताना मार्क रुट्टे सायकलवरून कामाला जायचे, तो फोटो येतो. त्याच्याखाली ठरलेली तीन वाक्यं. आपल्या लोकांची मानसिकताच नाही. चव्वेचाळीस डिग्रीत चालवून दाखवा. आणि तिसरं, जे मला सगळ्यात लागतं: ज्याला दुसरं काही परवडत नाही तो सायकल चालवतो.

मग मला विचारतात, तू सांग तिकडचं. तर सांगते.

त्या फोटोने काहीच कळत नाही. इथल्या माणसांच्या रक्तात सायकल नव्हती. म्हणजे सायकली होत्या, पण दुसऱ्या महायुद्धानंतर पैसा आला, मोटारी आल्या आणि सायकली बाजूला पडायला लागल्या. मी राहते त्या युट्रेक्टमध्ये जुन्या शहराभोवतीच्या कालव्याचा एक भाग सत्तरच्या दशकात आटवून तिथे मोटारींसाठी रुंद रस्ता केला होता. १९७१ साली या एवढ्याशा देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. मग आईबाप रस्त्यावर उतरले. त्यांच्या आंदोलनाचं नावच होतं 'मुलांची हत्या थांबवा'. १९७३ मध्ये तेलाची टंचाई आली, काही रविवारी मोटारी पूर्ण बंद ठेवल्या आणि लोकांनी रिकामे रस्ते डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर वर्षानुवर्षं एकेक चौक, एकेक वळण बदलत गेलं. माझ्या शहरातला तो मोटारींचा रस्ता उखडून तिथे पुन्हा पाणी सोडलं ते २०२० साली. जवळपास पन्नास वर्षं लागली. मानसिकता आधी बदलली आणि मग रस्ता झाला, असं कुणी म्हणत असेल तर त्याने हा क्रम नीट बघावा.

माझा रोजचा दिवस साधा आहे. घरून स्टेशनपर्यंत बारा मिनिटं सायकल. स्टेशनखाली सायकलींचं तीन मजली वाहनतळ आहे, १२,५०० सायकली मावतात, पहिला दिवस फुकट. मग डेन बॉश शहराची गाडी, अर्धा तास. त्या अर्ध्या तासात मी मोजे विणते. चार सुयांवर सोळा-सोळा टाके आणि पाचवी सुई हातात. वरची पट्टी दोन सुलट, दोन उलट. टाच वळवायला लागले की शेजारच्याशी बोलणं बंद.

हे मला आईने शिकवलं. सोलापुरात थंडी ती किती, दोन महिने. पण आईच्या पिशवीत बाराही महिने लोकर असायची. नात्यात कुणाकडे पाळणा हलणार असं कळलं की कुंची, टोपडं, इवलेसे मोजे. माझा टाका सुटला की मी घाबरून सगळं उसवायला जायचे. आई हात धरायची. सुटलेला टाका चार ओळी खाली घसरलेला असायचा आणि वर आडव्या धाग्यांची शिडी दिसायची. क्रोशाची सुई घेऊन ती एकेक पायरी वर चढवत तो टाका आणून जागेवर बसवायची. मग म्हणायची, "सापडतोय गं. घाई नको."

गाडीत एकदा समोरच्या बाईंनी विचारलं, हे कुठे शिकलात? मी म्हटलं, माझं गावच विणकरांचं आहे. आणि बोलता बोलता लक्षात आलं की मराठीत दोन्हीला आपण विणकामच म्हणतो. मी सुयांवर करते तेही विणकाम, आणि आमच्या घरामागच्या बोळात यंत्रमागावर चादर, टॉवेल निघतो तेही विणकाम. सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ साली उभी राहिली, पुढे तिलाच जुनी मिल म्हणायला लागले. आजोबा गिरणीत साचा खात्यात, म्हणजे मागांवर होते. भोंगा झाला की रस्ताभर सायकली, असं आजी सांगायची. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, माग राहिले. आज सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तिचा अभिमान आम्ही सगळे सांगतो. ती विणणारा माणूस बारा-बारा तासांच्या पाळीत धडधडत्या मागांमध्ये उभा असतो, हे त्याच दमात सांगत नाही. माझं विणकाम हा छंद आहे, कारण ते संपलं नाही तरी माझ्या घरी चूल पेटते. हा फरक मला फार मोठा वाटतो, आणि छंदांवर लिहिताना तो गाळू नये असं वाटतं.

भाजण्याचंही तसंच आहे. इथे घरोघरी ओव्हन. वाढदिवस ज्याचा, त्यानेच कचेरीत केक न्यायचा अशी रीत आहे, त्यामुळे सगळ्यांनाच थोडंफार येतं. मी शनिवारी पाव करते. सोलापूरहून येताना मालदांडी ज्वारीचं पीठ आणते आणि फ्रीजरमध्ये ठेवते, नाहीतर ते कडवट होतं. ज्वारीला चिकटपणा नसतो, नुसत्या ज्वारीचा पाव फुगत नाही. म्हणून चार वाट्या गव्हाच्या पिठाला एक वाटी ज्वारी, आणि त्या ज्वारीवर आधी उकळतं पाणी ओतून उकड काढायची, आजी भाकरीसाठी काढायची तशीच. गार झाली की मळायची. पाव दोन दिवस मऊ राहतो, आणि कापताना वास येतो तो थेट आमच्या स्वयंपाकघराचा.

पण लहानपणीचं भाजणं असं एकटीचं नव्हतं. मे महिन्याच्या सुट्टीत आई पीठ, साखर, तूप डब्यांतून द्यायची आणि मी आणि दादा बेकरीत जायचो. आमचा जिन्नस, त्यांची भट्टी. पत्र्याच्या ट्रेवर नानकटाईचे गोळे ओळीने, कागदाच्या चिठोऱ्यावर आमचं नाव. लाकडाच्या भट्टीत लांब फळीने ट्रे आत सारायचे. आपला ट्रे कधी येतो म्हणून आम्ही दाराशी घामाघूम. गरम नानकटाई बोटाला चटका देऊन तोंडात विरघळायची. डबा सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी, आणि घरी पोचल्यावर आधी चार ताटल्या चार घरी. एक घर तेलुगू, एक कन्नड, एक मुसलमान. ते सुख मला युट्रेक्टच्या ओव्हनने दिलेलं नाही. इथे शेजाऱ्यांना पाव द्यायचा तर आधी निरोप पाठवावा लागतो.

माझ्या आयुष्यातल्या या तिन्ही गोष्टी मी सोलापुरातूनच आणल्या. हाफ पायडल मारायला मी भाड्याच्या सायकलवर शिकले, सुया आईकडून घेतल्या, उकड आजीकडून. नेदरलँड्सने मला दोनच गोष्टी दिल्या: चालवता येईल असा रस्ता आणि दिवसातून उरलेला वेळ. इथे सरासरी आठवडा साधारण ३२ तासांचा असतो, माझाही तेवढाच आहे. साडेपाचला मी घरी असते. हे दोन्ही मिळालं म्हणून माझे छंद टिकले. वहिनीलाही विणता येतं, माझ्यापेक्षा चांगलं. पण चार-पाच दिवसांनी नळाला येणाऱ्या पाण्यापायी जिची झोप मोडते, तिने लोकर हातात कधी घ्यायची?

डिसेंबरात मी सोलापूरला गेले, जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा होईपर्यंत राहिले. एका सकाळी अप्पांना घेऊन सातच्या आधी अशोक चौकात जाऊन उभी राहिले. ग्रुपवर सगळे म्हणत होते की सोलापुरातून सायकल गेली, म्हणून मला मोजायच्या होत्या. पहिल्या दहा मिनिटांतच मोजणं सोडून दिलं. यंत्रमागांची पाळी बदलत होती. रात्रपाळीचे घरी चालले होते, दिवसपाळीचे अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीकडे. कानाला मफलर, हँडलला डब्याची पिशवी, चेनची करकर. एकाच्या कॅरिअरवर शाळेची पोरगी, दप्तर पुढे घेऊन. एक म्हातारे गृहस्थ मडगार्ड नसलेल्या सायकलवर, केसांत कापसाचे तंतू तसेच. काहीजण तेलुगूत गप्पा मारत जोडीने चालले होते. तेवढ्यात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आला आणि ती जोडी मुकाट्याने डांबर सोडून खडीत उतरली. कुणी वर बघितलं नाही, कुणी शिवी दिली नाही. इतकी सवय.

अप्पा म्हणाले, "बघ. ह्यांना कोण कुलूप घालतंय?"

सोलापुरातली सायकल कुठे गेलेली नाही. ती शहराच्या पूर्वभागात आहे आणि सात वाजता दिसते, जेव्हा वाद घालणारे आम्ही झोपलेले असतो. आम्ही सायकलीवर बोलतो तेव्हा डोळ्यांसमोर हेल्मेट घालून रविवारी विजापूर रोडला जाणारे असतात. तेही चालवू देत, चांगलंच आहे. पण रस्त्याचा पहिला हक्क या खडीत उतरणाऱ्यांचा आहे. ज्याला परवडत नाही तो चालवतो, हे वाक्य म्हणूनच लागतं. परवडत नाही म्हणून चालवत असेल, तर त्याला सुरक्षित जागा देणं अधिक निकडीचं, की कमी?

उन्हाचं म्हणणं खरं आहे. एप्रिल-मेची दुपार सायकलची नाही, हे मी भांडून सांगणार नाही. पण सकाळी सात वाजता ऊन हा मुद्दा नसतो, आणि रस्ता रुंद करताना सावलीची झाडं आम्हीच तोडली. इथे उन्हाऐवजी समोरून वारा येतो, नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडायला लागतो, पाऊस आडवा लागतो. लोक चालवतात, कारण वाऱ्याने माणूस दमतो, मरत नाही. ट्रॉलीखाली मरतो.

दादाशी मी शेवटी बोलले. त्याला म्हटलं, तुझी भीती खोटी नाही. इथेसुद्धा २०२२ मध्ये २९१ सायकलस्वार गेले आणि त्यांत म्हाताऱ्यांचा भरणा मोठा. पण भीतीचं उत्तर म्हणून इथे म्हाताऱ्यांच्या सायकली बंद केल्या नाहीत, रस्त्याला हात घातला. तू सायकलीला कुलूप लावलंस, टेम्पोला कुणी लावायचं? तो गप्प राहिला. मग म्हणाला, "अगं, महापालिकेत अर्ज देऊन मला आठ वर्षं झाली. आपल्या चौकातला गतिरोधक अजून आला नाही. मी काय करू?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

एवढं ठरवलंय की आमच्या ग्रुपने यापुढे फोटो पाठवायचे नाहीत. मागणी एकच करायची, लेखी: अशोक चौकापासून अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत पाळी बदलायच्या तासाला जड वाहनं बंद, आणि डांबराची कड खडीत न संपता सायकलपुरती सलग. सगळ्या शहराचं नंतर बघू. वीसजणांनी सह्या दिल्या आहेत. दादाने पहिली केली.

किल्ली अजून त्याच्याकडेच आहे. अप्पा रोज सकाळी सायकल पुसतात, अंगठ्याने चाक दाबून हवा बघतात आणि पिशवी घेऊन मंडईला चालत जातात.