एकोणीस वाजले म्हणजे ११४० नव्हे!

शनिवारी सकाळी फोन. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचे सुपरवायझर. पाळी आणि पगाराचा प्रोग्राम माझा. "ओ सर, रात्रपाळी सगळी शून्य दाखवायलंय की. आज पगार वाटायचाय, माणसं दारात थांबलीत."

आठवडाभर रात्री बारा-बारा तास मागावर उभं राहिलेल्या माणसाच्या नावापुढे शून्य. त्याने काढलेला माल सगळा दिवसपाळीवाल्याच्या खात्यात. नगावर मजुरी असते हो इथे! आणि हे कशामुळे? तर सेटिंगची फाइल वाचणाऱ्या एका लायब्ररीला, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहिलेल्या तयार कोडला, वाटलं म्हणून.

उन्हाळा लागला तशी कारखान्याने पाळी आठाऐवजी सातला बदलायची ठरवली. सुपरवायझरांनी मी सांगितल्याप्रमाणे वायएएमएल फाइल (सेटिंग साध्या मजकुरात लिहायचा एक प्रकार) उघडली आणि लिहिलं, दिवसपाळी: ०७:००, रात्रपाळी: १९:००. आधीच्या वेळा मी अवतरणचिन्हांत टाकल्या होत्या, त्यांनी ती चिन्हं काढली. कुणीही काढेल, वेळ लिहिताना अवतरणचिन्हं कोण टाकतं?

आता बघा. ०७:०० शून्याने सुरू होतं, म्हणून ते मजकूर म्हणून जसंच्या तसं आलं. १९:०० मात्र लायब्ररीने साठाच्या पटीतली संख्या समजून १९ गुणिले ६० केलं आणि माझ्या हातात ११४० ठेवलं! एकाखाली एक दोन ओळी, दोन्ही वेळा, एक मजकूर आणि एक आकडा. माझा प्रोग्राम घड्याळातली "१९:००" ही अक्षरं ११४० शी ताडून बघत बसला. पायथॉनमध्ये, म्हणजे माझा प्रोग्राम ज्या भाषेत आहे तिच्यात, मजकूर आणि आकडा बरोबर आहेत का विचारलं तर तो निमूट "नाही" म्हणतो. एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही. पाळी बदललीच नाही आणि सहा रात्री कुणाला कळलं नाही.

याच फाइलमध्ये पगाराच्या चिठ्ठीवर छापायला एसटीडी कोड वेगळा दिलाय. सोलापूरचा ०२१७. सुरुवातीला तो मी अवतरणचिन्हांशिवाय लिहिला होता, तर छापून आला १४३! पुढे शून्य आणि सगळे अंक सातपर्यंतचे, म्हणजे ही अष्टमान पद्धतीतली, दहाऐवजी आठाच्या पटीत मोजायची संख्या, असा तर्क. पंढरपूरचा ०२१८६ आणि बार्शीचा ०२१८४ टाकून बघितला, दोन्ही नीट आले, कारण त्यांच्यात ८ आहे. अरे, मी कोड लिहिलाय, तुला गणित घातलेलं नाही!

हे खूळ वायएएमएलच्या १.१ या आवृत्तीतलं. २००९ साली १.२ आलं, त्यात हे साठाचं प्रकरणही गेलं आणि नुसत्या शून्यावरून अष्टमान ठरवणंही गेलं. आमची लायब्ररी अजून १.१ लाच धरून बसलीय. त्याआधी मी पायथॉनचंच साधं आयएनआय (सेटिंगच्या फाइलचा दुसरा प्रकार) वाचणारं मॉड्यूल वापरायचो. तिथे फाइल सापडली नाही तरी ते तक्रार करत नाही, गुपचूप पुढे जातं. टक्क्याचं चिन्ह टाकलं की मात्र अंगावर येतं. जिथे ओरडायला पाहिजे तिथे मुकं, आणि नको तिथे बोंब.

"डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय, अवतरणचिन्हं घाला" हे उत्तर मला कुणी ऐकवू नका. मी वाचलंय. माझी फाइल बदलतो तो कारखान्यातला माणूस, त्याने अष्टमान संख्या शिकून यायचं का? सेटिंगची फाइल असतेच प्रोग्राम न लिहिणाऱ्या माणसासाठी. कळलं नाही तर थांब, कुठल्या ओळीत अडलं ते सांग. मनाने ठरवू नकोस!

आता फाइलमधलं सगळं आधी मजकूर म्हणूनच वाचून घेतो. कुठली वेळ, कुठला आकडा, ते माझा कोड तपासतो, आणि चुकलं तर मराठीत ओळ क्रमांकासकट सांगून बंद पडतो. जे लायब्ररीने करायचं ते मी दोन रात्री बसून लिहिलं.

त्या शनिवारी जॉबरच्या (मागांवरच्या मुकादमाच्या) वहीवरून एकेका माणसाचे नग मोजून पगार केला. दुपारचे तीन वाजले. रात्रपाळी करून आलेली माणसं तोवर पत्र्याच्या सावलीत बसून होती, झोप नाही, वर उन्हाचा तडाखा. आणि सुपरवायझर मलाच म्हणतात, "सर, माझ्याच हातनं काय तरी चुकलं असंल." याचाच मला सगळ्यात जास्त संताप आलाय. त्यांनी १९:०० लिहिलं होतं. बरोबर लिहिलं होतं.