कोणता भाग गाळता येईल?

नगरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, यंदा मुलांच्या उन्हाळी बायबल वर्गावरून चांगलंच वाजलं. एका तरुण शिक्षिकेने बायबलची वचनं पाठ करण्याची बक्षिसं बंद केली आणि मुलांना प्रश्न विचारायला लावलं. ज्येष्ठ तापले, की अशाने एकाही पोराला स्तोत्र २३, म्हणजे ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’, यायचं नाही. मग घरच्या ग्रुपवर मला विचारणा झाली, ‘तुमच्याकडे इंग्लंडात असंच असतं ना?’

असतं. माझ्या मुलीच्या संडे स्कूलमध्ये ‘गॉडली प्ले’ चालतं. जेरोम बेरीमन या अमेरिकी धर्मगुरूंनी माँटेसरीच्या वळणावर बसवलेली ही पद्धत. शिक्षिका जमिनीवर हिरवं कापड अंथरते, लाकडी मेंढरं सरकवत उत्तम मेंढपाळाची गोष्ट सांगते आणि मग विचारते: कोणता भाग आवडला? महत्त्वाचा कोणता? यात तू कुठे आहेस? आणि कोणता भाग गाळला तरी चालेल? खरी धमाल या शेवटच्या प्रश्नावर. एकाने लांडगाच काढून टाकला. शेजारची म्हणाली, ‘मग मेंढपाळ कशाला हवा?’ माझ्या लेकीने आजीकडून फोनवर ते मेंढपाळाचं स्तोत्र पाठ केलंय. तिने विचारलं, आजीच्या स्तोत्रात लांडगा कुठे आहे? पाठ होतं म्हणून तिला तो प्रश्न पडला, ही गोष्ट प्रश्नवाल्यांनी ध्यानात घ्यावी.

शिक्षिका मात्र नुसतीच हसली. उत्तर देऊन टाकायचं नाही, हा तिथला शिरस्ता. मला तो पटत नाही. पोरगी घरी येईपर्यंत भुणभुणत होती.

इथून जवळच वाँटेज हे गाव आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा तिथल्या मठातल्या सिस्टरांकडे १८८३ साली झाला. लहानपणीच भागवत मुखोद्गत केलेली ही बाई त्रैक्याबद्दल (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), ख्रिस्ताच्या देवत्वाबद्दल प्रश्न करू लागली. ज्यांना ती ‘आजीबाई’ म्हणायची त्या सिस्टर जेराल्डीनना त्यात अहंकार दिसला. चर्च सांगतं ते मानावं, हा त्यांचा हेका. चेल्टनमच्या मुलींच्या कॉलेजच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांनी मात्र तिला लांबलचक पत्रं लिहून आपली मतं मांडली, वादही घातला. पुढे त्याच रमाबाईंनी दुष्काळातल्या मुलींना केडगावात आसरा दिला आणि हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. पाठांतर आणि शंका या एकाच डोक्यात सुखाने नांदत होत्या. आपल्या मंडळीत रमाबाईंचा फोटो असतो, त्यांच्या शंकांचा उल्लेख मात्र सहसा निघत नाही.

म्हणून ग्रुपवर लिहिलं: बक्षिसं ठेवा, पण स्तोत्र म्हणून झाल्यावर मुलाने त्यावर एक प्रश्न विचारायचा आणि पुढच्या रविवारच्या आत त्याला उत्तर मिळायचं. एका काकांनी लगेच विचारलं, शिक्षिकेला नाही जमलं तर? तर पाळकसाहेबांनी उपदेश दहा मिनिटं आखडता घ्यावा आणि वर्गात येऊन बसावं. पाळकसाहेबही त्याच ग्रुपवर आहेत.