पळण्याच्या वाटेवर पळू नये

कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, पार्कांत पळायला जायचं तर पळता येण्याआधी वाचता आलं पाहिजे. ट्रेलच्या, म्हणजे रानातल्या पायवाटेच्या, तोंडाशी पाट्याच पाट्या. नकाशाची एक, वेळांची एक, सापाची एक, गोचिडीची एक, पुमाची एक, शिवाय तीन पानांच्या एका झुडपाची, रंगीत चित्रासकट. मी त्या सगळ्या सावकाश, शेवटच्या बारीक अक्षरांपर्यंत वाचते. नवऱ्याला वाटतं, बायको सुरक्षिततेच्या बाबतीत फार जागरूक आहे. वाचून होईपर्यंत पळावं लागत नाही, हे मी त्याला सांगितलेलं नाही.

ही काउंटी म्हणजे सॅन होजे, सनीव्हेल, क्युपर्टिनोचा मुलूख. दिवसभर खुर्चीत बसून मान आखडलेली जनता इथे उदंड, आणि तिला सरळ करण्यासाठी काउंटीनं डोंगरच्या डोंगर राखून ठेवलेत. पार्कासाठी पहिली जमीन घेतली १९२४ साली, क्युपर्टिनोजवळ स्टीव्हन्स क्रीकच्या खोऱ्यात. आता काउंटीची २८ पार्कं आहेत, आणि ‘ओपन स्पेस’ म्हणून मोकळी राखलेली रानं वेगळीच. त्यामुळे ‘आमच्याकडे पळायला जागाच नाही हो’ असं म्हणायची सोय उरलेली नाही. पुण्यात असताना हे वाक्य मला फार उपयोगी पडायचं.

मंदारला, म्हणजे नवऱ्याला, हा पळण्याचा नाद लागला चाळिशी उलटल्यावर. काही पुरुष त्या वयात केस रंगवतात, आमच्याकडे घड्याळ आलं. ते त्याला सकाळी उठल्या उठल्या सांगतं की तुझी झोप नीट झालेली नाही. तोपर्यंत त्याला अगदी छान वाटत असतं. मग दिवसभर तो थकलेला असतो आणि संध्याकाळी घड्याळ म्हणतं, आज हालचाल कमी झाली. एवढी टोचून बोलणारी वस्तू त्यानं स्वतःच्या पैशानं विकत घेतली, आणि मी मात्र ‘जरा कचरा बाहेर टाक’ म्हटलं की कटकटी ठरते.

या उन्हाळ्यात चिपळूणहून सासूबाई आल्या, तेव्हापासून आमच्या पळण्याला प्रेक्षक मिळाला. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, सुती साडी, खाली मंदारनं आणलेले पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज, हातात पिशवी. पिशवीत काय असतं ते विचारायचं नाही, भूक लागली की कळतं.

पुमाच्या पाटीपाशी त्यांनी पहिल्यांदा मला थांबवलं. “काय लिहिलंय गं?”

“आई, इथे पुमा असतो. वाघाच्या जातीतलाच, पण पट्टे नाहीत.”

“बरं. मग दिसला तर काय करायचं?”

पाटीवर ठळक अक्षरांत पहिलीच सूचना होती, पळू नका. पळण्याच्या वाटेवर, पळायचे बूट घालून, पळण्यासाठीच पहाटे उठून आलेल्या माणसाला. पळालात तर त्याला तुम्ही सावज वाटता. त्याऐवजी त्याच्याकडे तोंड करून उभं राहायचं, वाकायचं नाही, लहान पोर बरोबर असेल तर उचलून घ्यायचं, जोरात ओरडायचं, हात वर करायचे, जाकीट उघडून पसरायचं म्हणजे आपण मोठे दिसतो. आणि एवढं करूनही अंगावर आलाच तर लढायचं.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग पदर दोन्ही हातांनी मागून पसरून बघितला. “माझं काही अडत नाही,” त्या म्हणाल्या. “तुमचंच कठीण आहे. तुम्हा दोघांच्या अंगावर पसरण्याएवढं कापडच कुठे असतं?”

तसा पुमा सहसा कुणाला दिसत नाही. माणसाची चाहूल लागली की तोच लांब राहतो. दिसतात ती हरणं, रस्त्याच्या मधोमध सभा भरवणाऱ्या जंगली टर्की, आणि क्वचित एखादा कोल्ह्यासारखा कायोटी, जो आपल्याकडे बघून न बघितल्यासारखं करत निघून जातो. खरा प्रश्न श्वापदांचा नाहीच. खरा प्रश्न हा, की नेमकं पळायचं कुठून?

आता बघा. गोचिडी गवताच्या टोकाला टपून बसलेली असते, म्हणून वाटेच्या मधून जा. सायकलवाले मागून येतात, म्हणून उजव्या अंगानं जा. घोडा आला तर बाजूला व्हा, तेही उताराच्या बाजूला. बाजूला तीन पानांचं झुडूप आहे, म्हणून बाजूला मुळीच जाऊ नका. रॅटलस्नेक ऊन खायला उघड्या वाटेवर पसरतो, म्हणून पाऊल टाकण्याआधी खाली बघा. खाली बघत राहिलात तर घोडा दिसत नाही. सगळ्या पाट्यांची बेरीज-वजाबाकी केली तर पळण्यासाठी साधारण वीतभर पट्टी उरते, आणि तिच्यावर टर्की उभी असते.

कुणी कुणाला वाट द्यायची, त्याचीही पिवळी त्रिकोणी पाटी आहे. सायकलवाल्यानं सगळ्यांना द्यायची. पायी माणसानं घोड्याला द्यायची. घोड्यानं कुणालाच नाही. “म्हणजे घोडा जावई,” सासूबाई म्हणाल्या, आणि त्यानंतर ती पाटी मला कुणी समजावून सांगावी लागली नाही.

या जावयाची गाठ पडली अल्माडेन क्विकसिल्व्हर पार्कात. नावातच पारा आहे, कारण या डोंगरांत शंभरावर वर्षं पाऱ्याच्या खाणी चालल्या. इथला लाल दगड मूळच्या ओलोनी लोकांना रंगासाठी ठाऊक होताच. १८४५ मध्ये कास्तिय्येरो नावाच्या मेक्सिकन लष्करी अधिकाऱ्यानं त्यात पारा आहे हे ओळखलं. पुढच्या तीन-चार वर्षांत कॅलिफोर्नियात सोन्यासाठी झुंबड उडाली. दगडमातीतून सोनं वेगळं काढायला पारा लागतो, त्यामुळे खाणीची चंगळ झाली. आता खाणी बंद आणि चढ मात्र शिल्लक. त्या चढांवर मंदार आधी पळतो, मग चालतो, मग कमरेवर हात ठेवून ‘व्ह्यू’ बघतो. शेजारच्या धरणाच्या काठावर आणखी एक पाटी आहे, इथले मासे खाऊ नका, त्यांच्यात पारा आहे. धरून परत पाण्यात सोडा. चिपळूणच्या बाईला हे वाचून दाखवायला नको होतं. “मग धरायचे कशाला? पापा घ्यायला?” असं म्हणून त्या पुढे निघाल्या त्या बराच वेळ गप्प होत्या.

तर घोडा. वळणावर एकदम समोर आला, वर एक उंच, हसतमुख बाई. नियम असा, की थांबायचं, उताराच्या बाजूला सरकायचं आणि शांत आवाजात बोलत राहायचं, म्हणजे घोड्याला कळतं की समोरचं ते माणूसच आहे. मंदार चढ चढून आलेला. तोंडातून शब्द फुटेना, नुसते फुत्कार. घोड्यानं कान मागे टाकले. त्याला समोरचं ते नेमकं काय आहे, याची शंका आली असावी, आणि मला त्यात घोड्याचा दोष वाटला नाही. मंदार आणखी मागे सरकला आणि पोटऱ्यांपर्यंत झुडपात गेला. बोलायचं काम सासूबाईंनी केलं. “ये रे राजा, ये हो, घाबरू नको, तो आमचाच आहे,” असं त्या घोड्याशी इतक्या मायेनं बोलल्या की ते जनावर मान डोलावत निघून गेलं. वरच्या बाईनं ‘थँक यू’ म्हटलं. मंदारशी त्या आवाजात त्या गेल्या तीस वर्षांत बोललेल्या नाहीत, असं तो गाडीत म्हणाला.

दोन दिवसांनी त्याच्या पोटऱ्या उठल्या. लाल चट्टे, त्यावर ओळीनं पाणी धरलेले बारीक फोड, खाज अशी की मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून माणूस टेबलाखाली. ते झुडूप म्हणजे पॉइझन ओक. तीन तीन पानांचा झुबका, वसंतात तुकतुकीत हिरवा, उन्हाळा सरताना लालबुंद आणि दिसायला इतका देखणा की फुलदाणीत ठेवावा. हिवाळ्यात पानं झडून नुसत्या काड्या राहतात, त्या काड्यांनाही तेच तेल. बुटाला, मोज्याला लागलं तर तिथेही टिकून राहतं, म्हणून घरी आल्या आल्या साबणानं खसखसून धुवायचं आणि कपडे वेगळे काढायचे. हे सगळं पाटीवर होतं. मंदार पाट्या वाचत नाही, त्याचा ‘पेस’, म्हणजे पळण्याचा वेग, बिघडतो.

सासूबाईंनी चष्मा लावून पोटरी न्याहाळली आणि निदान केलं, “हा तर बिब्बा उतलाय!” मी इंटरनेटवर अर्धा तास घालवून जिथे पोचले तिथे त्या उभ्या उभ्या पोचल्या होत्या. आंबा, काजू, बिब्बा आणि हे पॉइझन ओक, सगळी एकाच कुळातली. आंब्याचा चीक ओठांना लागून फोड येतात किंवा काजूच्या कच्च्या बीचं तेल हात भाजतं, ते याच घराण्याचे गुण. “म्हणजे आपलंच माणूस,” त्या म्हणाल्या. नात्यागोत्यातल्यांनीच बिब्बा घालायचा, ही रीत सातासमुद्रापारही चालू आहे, याचं त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

त्यानंतर काही दिवस आम्ही सपाटीवर आलो, लॉस गॅटोस क्रीक ट्रेलवर. डांबरी वाट, बाजूला ओढा, मधे व्हॅसोना तळं. इथे पुमा नाही, घोडा नाही. इथे सायकलवाले आहेत, आणि त्यांची ती आरोळी, “ऑन युअर लेफ्ट!” म्हणजे मी तुमच्या डावीकडून पुढे जातोय, तुम्ही उजवीकडेच राहा. पण जन्मभर डावीकडून चाललेल्या माणसाला कुणी पाठीमागून ‘लेफ्ट’ असं ओरडलं तर तो काय करेल? सासूबाई आज्ञाधारकपणे डावीकडे सरकतात. ब्रेक कचकन लागतो. मग त्या सायकलवाल्यालाच समजावतात, “लेफ्ट, लेफ्ट, आय ॲम लेफ्ट,” आणि तो ‘सॉरी मॅम’ म्हणत गवतातून जातो.

व्हॅसोनाजवळ मुलांची छोटी आगगाडी धावते. वाट आणि रूळ काही अंतर शेजारून जातात, आणि तिथे प्रत्येक पळणाऱ्याच्या मनात एक वेडा विचार येतो. माझ्याही आला. मी जोर लावला. शेवटच्या डब्यातल्या एका चिमुरड्यानं मला खूप वेळ, अगदी आरामात हात हलवला, आणि मग त्याच्या आईनंही. पुढे तळ्याकाठी कॅनडा गीज, म्हणजे मोठाले हंसासारखे पक्षी, बसलेले होते, आणि ते जिथे बसतात तिथे खाली बघून पळण्याचं कारण साप हे नसतं.

इथल्या लोकांचा चांगुलपणाही जरा जपूनच घ्यावा लागतो. जुळ्यांची बाबागाडी ढकलत, फोनवर बोलत, चढावर मला मागे टाकून जाणारा बाप वळून म्हणतो, “गुड जॉब!” कसला जॉब? आपल्याकडे टेकडीवर अनोळखी काका विचारतात, “काय, दम लागला?” त्यात निदान निरीक्षणाचा प्रामाणिकपणा असतो.

आता मंदारच्या पोटऱ्या बऱ्या आहेत, म्हणून शनिवारी रँचो सॅन अँटोनिओ. तिथली सगळ्यात अवघड ट्रेल म्हणजे पार्किंग. वाइल्डकॅट लूप, विजेच्या तारांखालून जाणारी ती जीवघेणी चढण, ही सगळी नंतरची गोष्ट. शनिवारी सकाळी सगळी पार्किंगं भरलेली, आणि गाड्या चालत्या माणसांच्या मागे मागे, पायी वेगानं, आशेनं फिरत असतात. एक जण गाडीकडे आला की तीन इंडिकेटर लागतात. तो डिकीतून पाण्याची बाटली काढून परत जातो. मंदारनं आम्हाला फाटकाशी उतरवलं, म्हणाला, “व्हा पुढे, मी आलोच.”

आम्ही पुढे झालो. मैलभरावर डियर हॉलो फार्म आहे, तिथे शेळ्या, डुकरं, कोंबड्या बघायला मुलांची झुंबड. “शेळ्या बघायला एवढं पेट्रोल जाळून येतात?” सासूबाईंनी विचारलं आणि एका शेळीला खाजवत बराच वेळ थांबल्या. शाळेची पोरं घोळक्यानं पळत आली आणि पळत गेली. आम्ही परत आलो, तेव्हा मंदारला नुकतीच जागा मिळाली होती. चेहऱ्यावर मॅरेथॉन संपवल्याचं तेज. “तुम्ही बसा गाडीत, मी एक राउंड मारून येतो,” म्हणून तो पळाला.

आम्ही गाडीत बसलो. दार लागल्याचा आवाज ऐकून मागे एक मोटार येऊन थांबली, इंडिकेटर चालू. आतला माणूस मान वाकवून, भुवया उंचावून विचारत होता, निघताय ना? मी हातानं नाही म्हटलं. तो हसला आणि थांबूनच राहिला. त्याचाही काही इलाज नव्हता, त्याच्या मागे आणखी चार होत्या.

सासूबाईंनी पिशवीतून डबा काढला. थालीपीठ, वर लोण्याचा गोळा. पहिला घास मोडला, आरशात मागे बघितलं, आणि माझ्या हातात एक थालीपीठ देत म्हणाल्या, “जा, त्याला देऊन ये. आणि सांग, मंदारला अजून तासभर लागेल.”