पूर म्हणे पटावर शिकता येत नाही!

सोलापुरात फिरणारा तो फॉरवर्ड आता घरच्या ग्रुपवर पोचलाय, आणि आपत्ती व्यवस्थापनाचा प्रकल्प करणारी भाची तो वाचून विषयच बदलायला निघालीय. त्यातलं म्हणणं असं: नकाशा मांडून पटावर खेळायचे पूर-भूकंपाचे खेळ म्हणजे पोरखेळ, अधिकाऱ्यांचं तिथे काय काम, पैशांची उधळपट्टी, एक मॉक ड्रिल घेतली की भागतं, आणि पटावर जिंकणारा प्रत्यक्षात गळपटतो.

उधळपट्टी? तालुक्याचा नकाशा, शंभरेक कार्डं, एक घड्याळ आणि सहा-सात माणसं. पुढचं बोला.

घातक मुद्दा मॉक ड्रिलचा. तारीख आधी जाहीर, बोट आधीच घाटावर. इंजिन सुरू होतं का, दोर पुरतो का, हे ड्रिलमध्ये कळतं आणि कळायलाच हवं. पण बोट कुठे नि कधी पाठवायची, हे ठरवणाऱ्याची परीक्षा तिथे होतच नाही. पंढरपूरचंच घ्या. उजनी धरणातून भीमेत आणि वीर धरणातून नीरेत सोडलेलं पाणी पंढरपूरच्या वर नृसिंहपूरला एकत्र येतं. खेळात एकाच्या चिठ्ठीवर ‘उजनी 80 हजार क्युसेक’ लिहा, दुसऱ्याच्या ‘वीर 40 हजार’. एक फेरी म्हणजे नदीवरचा अर्धा तास, खोलीत पाच मिनिटं. निरोप फक्त लेखी, वर वेळ टाकून. तोंडी बोलू दिलं की सगळ्यांना सगळं ऐकू जातं आणि डाव फुकट. बेरीज कोणी केली, कितव्या फेरीत, आणि नदीकाठची व्यासनारायण झोपडपट्टी हलवायचा निरोप कधी सुटला, हे निरीक्षकाने टिपायचं. मग दुसऱ्या गटांना तोच डाव द्यायचा, फक्त दोन्ही आकडे एकाच चिठ्ठीवर. बरेच गट खेळले की घोळ माणसांचा होता की निरोपाच्या वाटेचा, ते उलगडतं. भीमेला सांगणार का, परत ये, या वेळी एकच चिठ्ठी आहे म्हणून?

अधिकाऱ्यांचं काय काम? जुलै 2004 मध्ये लुइझियानात ‘हरिकेन पॅम’ हे काल्पनिक वादळ मांडून सरकारी अधिकारी पाच दिवस बसले होते. बंधाऱ्यांवरून पाणी न्यू ऑर्लिन्समध्ये शिरतं, असं त्यात धरलं होतं. 13 महिन्यांनी कॅटरिना हे खरं वादळ तिथे आलं. तरी दाणादाण उडालीच ना, असं कोणी म्हणेल. उडाली, सरावात निघालेली कामं तोवर अर्धवटच होती.

गळपटण्याचं मात्र अर्धं खरं, नाइलाजाने मान्य. रात्र, चिखल, आरडाओरडा पटावर येत नाही. शिवाय गुणांसाठी खेळणारे पहिल्याच फेरीत सगळ्या बोटी सोडून मोकळे होतात. त्यावर उपाय: बोटी मोजक्या ठेवा, गेलेली बोट तीन फेऱ्या परत देऊ नका. खेळाइतकाच वेळ नंतरच्या चर्चेला द्या. तिथे ‘कोण जिंकलं’ विचारू नका. ‘चौथ्या फेरीत तुझ्या हातात कुठली चिठ्ठी होती आणि तू ती कोणाला दिलीस’, हे विचारा.