मिशी, मास्क आणि मासे

खानदेशातून कुठूनही निघा, समुद्र लांबच पडतो. आमची पाण्याशी ओळख म्हणजे तापी, गिरणा, वाघूर आणि मळ्यातली विहीर. पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललेला माणूस पोहायला शिकतो हे खरं, पण विहिरीत कोणी आपल्याला भेटायला येत नाही. आलाच तर पाणसाप, आणि त्याच्यासोबत कोणी फोटो काढत बसत नाही. अंदमानची तऱ्हा उलटी. भुसावळहून रेल्वेने चेन्नई, तिथून विमानाने श्री विजयपुरम (आम्ही अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतो), पुढे बोटीने स्वराज द्वीप, एवढा खटाटोप करून माणूस स्नॉर्कलिंगला, म्हणजे डोळ्यांवर काचेचा मास्क आणि तोंडात श्वासाची नळी लावून, पाण्यात तोंड घालतो तो कोणीतरी भेटावं म्हणूनच. आणि भेटतातही. फक्त भेटायला आलेला कशासाठी आलाय, ते आपल्याला कळत नाही.

पण मासा लांबच, आधी मिशी आडवी येते. मास्कची रबरी कड कातडीला चिकटली तरच पाणी बाहेर राहतं. भरघोस मिशी मध्ये आली की केसांच्या फटीतून पाणी नाकाशी जमतं आणि दर दोन मिनिटांनी माणूस शिंकरत वर येतो. यावर आपला पहिला उपाय म्हणजे पट्टा आवळणे. तो चुकीचा आहे. पट्टा आवळला की कड दुमडते आणि गळती वाढते. पट्टा कानावर नको, डोक्यामागे जरा उंच आणि सैलसर हवा. मास्क घेतानाच तो पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवायचा, नाकाने हलकेच श्वास ओढायचा आणि हात सोडायचा. चिकटून राहिला तर आपला, पडला तर दुसरा मागायचा. मिशी अख्खी उतरवायची गरज नाही. नाकाच्या अगदी खाली दोन-चार मिलिमीटरची पट्टी भादरली तरी कड बसायला जागा मिळते. गावी परतल्यावर ‘हे काय केलं भो?’ असं विचारणारे भेटतीलच, तेवढी तयारी ठेवावी.

काचेवर वाफ धरते, कारण श्वास गरम आणि काच थंड. त्यावर जगभर चालणारा उपाय म्हणजे थुंकी. आतून थुंकायचं, बोटाने पसरायचं, समुद्राच्या पाण्यात एकदा बुडवायचं. तोंडात तंबाखू असेल तर हा उपाय करू नये. नळीत पाणी शिरलं की चुलीत फुंकणीने मारतो तशी एकच जोरदार फुंकर मारायची. हळूहळू फुंकलं तर पाणी नळीतच गुरगुरत बसतं आणि पुढच्या श्वासाला घशात येतं.

एवढं जमलं की पाहुणे दिसतात. पाण्यातून वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठी आणि पाव अंतराने जवळ दिसते. म्हणून जळगावात परतल्यावर सांगितलेल्या प्रत्येक माशाची लांबी ऐकणाऱ्याने मनातल्या मनात कमी करावी.

समुद्रफूल नावाच्या, फुलासारख्या दिसणाऱ्या प्राण्यात घर करून राहणारा, तिथून वर येऊन थेट आपल्या काचेकडे झेपावणारा नारिंगी विदूषक मासा हा सगळ्यांत लाडका. लोक त्याला हात हलवतात. तो मात्र ‘या, बसा’ म्हणत नसतो, ‘निघा’ म्हणत असतो. त्या घरातली सगळ्यांत मोठी मासोळी हीच मालकीण. ती मेली की तिचा नवराच काही काळाने मादी होतो आणि कारभार हाती घेतो. सासरची बाजू सांभाळायची इतकी चोख व्यवस्था मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

टायटन ट्रिगरफिशचं प्रकरण गंभीर. हा मासा वाळूत अंडी घालून राखण करतो आणि त्याची हद्द घरट्यापासून वर रुंदावत जाते, उलट्या शंकूसारखी. पाठीचा काटा उभा झाला की समजावं. घाबरलेला माणूस सरळ वर पळतो, म्हणजे हद्दीच्या आतच राहतो. आडवं निघावं, आणि पायातले फिन, म्हणजे पोहायचे पंखे, त्याच्याकडे करून. चावायचंच तर प्लास्टिकला चावू दे.

रेमोरा माशाच्या डोक्यावर चिकटायची पट्टी असते. कासव नाही मिळालं तर तो पोहणाऱ्या माणसालाही लागतो. मागे ओढलं की आणखी घट्ट बसतो, पुढे सरकवलं की अलगद सुटतो. चौथ्या दिवशीही न हलणाऱ्या पाहुण्याला थेट ‘निघा’ म्हणून भागत नाही, गाडीचं वेळापत्रक पुढे सरकवावं लागतं, तसंच हे.

आमची खरी पंचाईत आग्रहाची. घरी आलेल्याला शेव-भाजी, भरीत, कळण्याची भाकरी वाढल्याशिवाय आम्ही सोडत नाही. समोर पन्नास मासे तोंड उघडून उभे असताना खिशातली केळी वेफर्सची पुडी कशी उघडायची नाही? नाहीच उघडायची. काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मासे एकदा वाढलं की पुढच्या माणसाची बोटं चावून ताट मागतात, आणि फुकटचं मिळालं की पोवळ्यावरचं शेवाळ खायचं आपलं रोजचं काम सोडतात.

सोनं हॉटेलात ठेवावं. जळगावच्या माणसाला हे जड जातं, पण पाण्यात लकाकणारी साखळी बॅराकुडा या शिकारी माशाला भक्ष्याच्या खवल्यासारखी दिसते. शिवाय गार पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी निघून जाते.

उथळ वाळूत मात्र आमची एक सवय कामी येते. पाकट वाळूत अंग पुरून पडून असतो, वरून पाय पडला तरच शेपटीचा काटा मारतो. पाय उचलून न टाकता घासत चाललं की तो आधीच सरकतो. चप्पल फरफटवत चालण्याबद्दल लहानपणापासून बोलणी खाल्लेल्यांनी इथे मान वर करून चालावं. काटा लागलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास ठेवायचा. 45 अंशांच्या वर नाही, म्हणजे मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येतं साधारण तेवढं. उष्णतेने विष निकामी होतं, दुखणं उतरतं. मग दवाखाना, कारण काट्याचा तुकडा आत राहिलेला असू शकतो.

शंख, पोवळं बॅगेत घालू नका. पोवळ्यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासतात. वाळू मात्र विचारून येत नाही. टॉवेलात, बुटांत लपून घरी पोचते, पीठ चाळल्यासारखी पांढरीशुभ्र. ही बरीचशी पोपट माशाची करणी. चोचीसारख्या दातांनी तो पोवळ्याचा दगड कुरतडतो, घशात दळतो, त्यातलं खाण्याजोगं ठेवतो आणि उरलेलं मागून सोडतो. मोठा मासा वर्षाला शेकडो किलो काढतो. तेव्हा आईने ती झटकलेली वाळू कौतुकाने डबीत भरून देव्हाऱ्याशेजारी ठेवली असेल, तर पोपट माशाचा विषय घरात काढू नये.