पायांचं कोण ऐकतं?

सायकलवरच्या आरामाची चर्चा नेहमी सीटवरून सुरू होते आणि सीटवरच संपते. पायांचं म्हणणं कोणी ऐकूनच घेत नाही. मी ऐकायचं ठरवलं. नवीन पेडल घ्यायची होती, म्हणून जाणकारांना विचारलं, आणि तिथून माझा आराम संपला.

क्लिपलेसवाले, म्हणजे बूट पेडलमध्ये अडकवणारे, बोलायला लागले की थांबत नाहीत. बुटाच्या तळाला क्लीट नावाचा छोटा तुकडा लावायचा, तो पेडलमध्ये 'खट्' असा बसतो, सुटायला टाच बाहेर वळवायची. "फ्रेंच सायकलपटू बर्नार इनोनं १९८५ची टूर द फ्रान्स शर्यत अशाच पेडलांवर जिंकली!" जिंकली असेल. त्याला वाटेत सिग्नल लागत नव्हते.

मग क्लीटचा कोन. तो जरा चुकला की गुडघा कुरकुरतो. म्हणून पाय थोडा इकडेतिकडे वळू देणाऱ्या क्लीट मिळतात. त्या मोकळीकीला म्हणायचं 'फ्लोट'. ती रंगावरून ओळखायची. लुक कंपनीच्या किओ क्लीटमध्ये लाल म्हणजे ९ अंश, सगळ्यात मोकळी. शिमानो कंपनीच्या एसपीडी-एसएल क्लीटमध्ये लाल म्हणजे शून्य, पाय जागचा हलणार नाही. एवढं पाठ करण्यापेक्षा चालत गेलेलं काय वाईट?

"पण पाय वर ओढतानाही ताकद मिळते ना!" मिळत असेल थोडी. पण साध्या रपेटीत बहुतेक जोर खाली दाबतानाच लागतो, आणि तो दाबायला मला कुणी पेडलला जखडायची गरज नाही.

फ्लॅटवाले, म्हणजे साध्या सपाट पेडलांचे भक्त, कमी बोलतात, नडग्या दाखवतात. त्यांच्या पेडलांवर पकडीसाठी बारीक पिना असतात. पाय घसरला की त्या नडगीवर सही करून जातात. बाकी सुख. कुठलेही बूट घाला, पाय हवा तसा सरकवा, हवा तेव्हा जमिनीवर टेका.

मधला मार्गही आहे: एका बाजूला क्लिप, दुसऱ्या बाजूला सपाट. मित्राची तशी सायकल चालवून पाहिली. साधे बूट घातले की क्लिपची बाजू वर, आणि क्लीटचे बूट घातले की सपाट बाजू हजर. पेडलला हे आधी कसं कळतं, देव जाणे.

शेवटी फ्लॅटच घेतली. क्लिपलेसवाल्यांनी सुस्कारे सोडले, फ्लॅटवाल्यांनी नडगीवर नजर टाकली. दोन्ही पक्षांचं एकमत झालं ते फक्त बसवताना: आट्याला ग्रीस लाव, आणि डाव्या पेडलचा आटा उलटा असतो.